रोदालकिलारचं एल आल्बार्दिनाल वनस्पती उद्यान : ऑगस्टमध्ये जाऊन एक तारा देऊ नका

हिरवळ, गुलाबाचे वाफे, कारंजं आणि सावलीतला बाक डोळ्यांसमोर ठेवून कुणी इथे आलं, तर दहा मिनिटांत कंटाळून परत फिरेल. स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्मेरिया प्रांतातल्या रोदालकिलार या छोट्या गावात ही बाग आहे. आंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारनं आपल्या राखीव निसर्गक्षेत्रांत वनस्पती उद्यानांची एक साखळी उभी केली आहे, त्यातलं हे एक. प्रवेश मोफत. इथे मांडलेली सगळी झाडं आसपासच्या कोरड्या माळावरची: काटेरी, राखाडी, बुटकी, अर्धी वाळल्यासारखी. परदेशी झाडांचा थाट नाही, काचघर नाही. नेमकं तेच या बागेचं बळ आहे आणि नेमक्या त्याच कारणानं चुकीच्या महिन्यात येणारे नाराज होतात.

गाव काबो दे गाता-नीहार या नैसर्गिक उद्यानात येतं. १९८७ मध्ये या भागाला संरक्षण मिळालं, १९९७ मध्ये युनेस्कोनं त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. जमीन ज्वालामुखीची आहे. सोन्याच्या खाणी इथे १९६६ पर्यंत चालू होत्या. त्यांचे पडके सांगाडे गावामागच्या डोंगरावर अजून दिसतात आणि बहुतेक पर्यटक त्यांचेच फोटो काढून निघून जातात. बागेकडे वळणारे थोडे.

बाग बघण्याआधी पावसाचा हिशेब समजून घ्यायला हवा, नाहीतर पाट्या वाचूनही हाती काही लागत नाही. काबो दे गाताच्या दीपगृहाच्या आसपास वर्षाकाठी २०० मिमी सुद्धा पाऊस होत नाही. युरोपातल्या सर्वांत कोरड्या जागांमध्ये या किनाऱ्याची गणना होते. दुष्काळी म्हणून आपण ज्याचं नाव घेतो त्या माणदेशातही सरासरी चारशेच्या वर जाते, यावरून अंदाज यावा. कारण मात्र आपल्या ओळखीचं आहे. सह्याद्रीच्या पलीकडे माण-खटाव जसे पर्जन्यछायेत अडकतात, तसंच अटलांटिककडून येणारे ढग सिएरा नेवादा आणि तिच्या जोडीच्या डोंगररांगांवर रिकामे होतात आणि आल्मेरियाच्या वाट्याला उरलासुरला ओलावा येतो. जो पाऊस पडतो त्यातला बराचसा शरदातल्या एखाद-दोन वादळांत धो धो कोसळतो आणि कोरड्या ओढ्यांमधून समुद्राला मिळतो.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते वेळापत्रक. आपल्याकडे पाऊस आणि ऊब हातात हात घालून येतात. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवर मृग पडला की आठ दिवसांत माळ हिरवा होतो. भूमध्य सागरी हवामानात हे दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पाऊस येतो ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या काळात, आणि जून ते सप्टेंबर ऊन असतं, पण पाणी जवळजवळ नसतं. म्हणजे इथल्या झुडपांचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात येतं आणि जूनमध्ये मिटतं. त्यांची झोपायची वेळ उन्हाळा. ऑगस्टच्या सुट्टीत येऊन ‘बाग वाळून गेली आहे, देखभाल नाही’ असं म्हणणं म्हणजे एप्रिलमध्ये कासच्या पठारावर जाऊन फुलं कुठे आहेत म्हणून विचारण्यासारखं.

बागेला नाव मिळालं ते आल्बार्दिन या गवतावरून, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी. आल्बार्दिन आणि एस्पार्तो ही दोन गवतं या माळांची खरी मालक आणि नवखा माणूस त्यांच्यात हमखास गोंधळतो. दोन्हींचे ठोंब कमरेपर्यंत किंवा थोडे खाली, पानं तारेसारखी गोल आणि चिवट. फरक तुऱ्यात आहे. एस्पार्तोचा तुरा लांब, पिसासारखा, गव्हाळ रंगाचा, वाऱ्यावर हलणारा. आल्बार्दिनचा तुरा म्हणजे एकच कणीस, तेही कागदासारख्या पातळ आवरणात गुंडाळलेलं, आत पांढरी लव. तुरे नसतील तर बुडाशी पाहा: आल्बार्दिन जमिनीखालच्या आडव्या खोडानं पसरतं, त्यामुळे त्याची रांग किंवा चटई होते, तर एस्पार्तो स्वतंत्र ठोंब करून राहतं. जमिनीवरूनही ओळख पटते. खारट, चिकण किंवा जिप्समच्या मातीत एस्पार्तो माघार घेतं आणि आल्बार्दिन टिकतं.

एस्पार्तोच्या एका पानाजवळ पाच मिनिटं थांबायला हरकत नाही. ओलावा असताना पान थोडं उघडं, पट्टीसारखं असतं. कोरड पडली की ते लांबीला गुंडाळून तार होतं. पानाची श्वासरंध्रं आतल्या खोबणींमध्ये असतात, म्हणून गुंडाळल्यावर ती बाहेरच्या कोरड्या हवेपासून बंद होतात. त्यापुढची युक्ती जास्त धीट आहे. उन्हाळा फार ताणला की हे गवत पानातलं हरितद्रव्यच कमी करून टाकतं. पाणी नसताना पानावर पडणारा प्रकाश उपयोगी तर पडत नाहीच, उलट पेशी जाळतो, म्हणून प्रकाश पकडणारं यंत्रच ते आवरून ठेवतं. पिवळं पडलेलं तेच पान शरदातल्या पावसानंतर पुन्हा हिरवं होतं. नवं फुटत नाही, जुनंच हिरवं होतं. हे ठाऊक नसलेला माळी पिवळी पानं छाटून टाकतो आणि गवताची साठवलेली भांडवली पुंजी कचऱ्यात जाते.

या गवताचं माणसाशी असलेलं नातं फार जुनं. ग्रानादा प्रांतातल्या आल्बुन्योलजवळच्या वटवाघळांच्या गुहेत एस्पार्तोच्या टोपल्या आणि सपाता सापडल्या. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या कालमापनानुसार त्यातल्या काही टोपल्या सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या, म्हणजे तिथे शेती पोचण्याआधीच्या आहेत. कोरड्या गुहेत कोरडं गवत टिकून राहिलं. कामाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. पान कापत नाहीत, काठीला गुंडाळून ठोंबातून उपटतात, म्हणजे बुडाचा कोंब राहतो आणि पान पुरं निघतं. मग उन्हात वाळवणं, काही आठवडे पाण्यात कुजवणं, पुन्हा वाळवणं आणि लाकडी मोगरीनं ठेचणं. आपल्याकडच्या अंबाडीच्या दोराचीच ही वाट, फक्त अंबाडीत साल कामाची आणि इथे पान. नीहार गावात एस्पार्तोच्या टोपल्या घेणार असाल तर न कुजवलेल्या कच्च्या गवताची कडक वीण आणि कुजवून ठेचलेल्या धाग्याची मऊ वीण यांतला फरक हातानं चाचपून घ्या. कडक टोपली ओली झाली तर सावलीत उलटी ठेवून वाळवायची, नाहीतर बुडाला बुरशी धरते.

पुढे काटेरी झुडपांचा विभाग. मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटावं अशी ही जागा. इथलं मुख्य झुडूप आसुफायफो म्हणजे सरळसरळ आपल्या बोरीची बहीण, एकाच प्रजातीतली दुसरी जात. फांदी नागमोडी, प्रत्येक पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी, त्यातला एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकलेला, पानावर बुडापासून निघणाऱ्या तीन शिरा. बोराच्या झाडात शिरून अंगावर ओरखडे घेतलेल्या कुणालाही ओळख पटवून द्यावी लागणार नाही. फळं ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात, आकारानं लहान, गर पातळ, चव बोरकुटाच्या जवळची. कोल्हे ती खातात आणि बिया पसरवतात.

गंमत अशी की सगळा माळ उन्हाळ्यात करपलेला असताना हेच एक झुडूप हिरवंगार असतं आणि इतर सगळे हिवाळ्यात हिरवे होतात तेव्हा याची पानं गळून पडलेली असतात. शेजाऱ्यांच्या अगदी उलट्या पंचांगानं चालण्याचं कारण मुळांत आहे. आसुफायफो पावसाच्या पाण्यावर जगतच नाही, त्याची मुळं भूजलापर्यंत उतरतात. पाण्याची चिंता नसल्यावर त्याला ऊब हवी असते, थंडी नको असते, म्हणून तो उन्हाळ्यात वाढतो. एका अर्थी तो या हवामानात राहतच नाही, जमिनीखालच्या हवामानात राहतो. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात या झुडपाच्या बनांना ‘प्राधान्य अधिवास’ म्हणून स्थान आहे, आणि युरोपातली त्यांची उरलेली महत्त्वाची बनं याच किनाऱ्यावर आहेत. धोका कुऱ्हाडीचा कमी आणि बोअरवेलचा जास्त. आल्मेरिया प्रांतात प्लॅस्टिकखालच्या शेतीनं ३०,००० हेक्टरांहून जास्त जमीन व्यापली आहे आणि नीहारच्या मैदानात ती थेट उद्यानाच्या हद्दीला भिडते. टोमॅटोसाठी उपसा होतो, पाणी खाली जातं, किनाऱ्याजवळ समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं मुळं जिथे पोचलेली असतात तिथलं पाणीच उरत नाही. असं झुडूप एका दिवसात मरत नाही, आधी वरच्या फांद्या सुकतात, मग एकेक बाजू.

नावांचा एक घोटाळा आधीच सांगून ठेवतो. स्थानिक लोक आसुफायफोलाही ‘आर्तो’ म्हणतात आणि हेकळीच्या कुळातल्या दुसऱ्याच एका काटेरी झुडपालाही ‘आर्तो’ म्हणतात. दुसरं ओळखायचं ते असं: पानं चिवट, सदाहरित आणि काटा म्हणजे आखूड फांदीचंच टोक, ज्यावर कधी कधी पान किंवा फूलही दिसतं. त्याला थंडीचा कडाका सोसत नाही, म्हणून तो किनारा सोडून फार आत जात नाही. वनस्पती उद्यानात भरवशाचं नाव लॅटिनच. फोटो काढताना पाटीही चौकटीत घ्या.

तिसरा गट पानं टाकून देणाऱ्यांचा, आणि ऑगस्टमध्ये ‘मेलेलं झुडूप’ म्हणून ज्यांची तक्रार होते ते हेच. आल्बायदा हे पांढुरकं शेंगवर्गीय झुडूप उन्हाळ्यात पानं झाडून मोकळं होतं. काटेरी लिसियम तेच करतं. आडव्यातिडव्या काटकोनी फांद्यांचं लाउनेया उन्हाळ्यात निव्वळ काटेरी जाळीचा गोळा दिसतं, फांदी मोडली तर दुधासारखा चीक येतो. यातलं एक झुडूप मराठी वाचकानं मुद्दाम शोधावं: ओरोवाल. अश्वगंधेच्या प्रजातीतलंच, त्यामुळे फुलाच्या बाहेरच्या हिरव्या कोशात बसलेलं फळ पाहिल्याबरोबर ओळखीचं वाटतं. तेही जून-जुलैत पानं गाळतं. झुडूप मेलं आहे की झोपलं आहे हे बघायचं असेल तर नखानं साल खरवडू नका, बागेत ते शोभत नाही. फांदीच्या टोकाशी फुगीर कळ्या आहेत का ते पाहा. कळ्या टणक असतील तर झुडूप जिवंत आहे.

पान टाकून देणं स्वस्त पडतं, पण शरदात नवं पान बनवण्याचा खर्च दर वर्षी येतो. रेतामा नावाच्या झुडपानं तो प्रश्नच मिटवला. त्याला जवळजवळ पानं नाहीतच, हिरव्या काटक्याच पानाचं काम करतात. मुळं वीस मीटरहून खोल गेलेली मोजली गेली आहेत. जवळच्या ताबेर्नास भागात, आल्मेरियातल्या शुष्क प्रदेश संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या झुडपावर बरंच काम केलं. त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी की रेतामाच्या विरळ सावलीत बाहेरच्यापेक्षा माती जास्त सुपीक आणि हंगामी वनस्पती जास्त दाट असतात. झुडपाखाली पालापाचोळा साठतो, ऊन कमी लागतं, वाऱ्यानं उडालेली बारीक माती अडकते. माळावर झाडं एकमेकांशी नुसती भांडतात हा समज इथे चुकतो. कोरड जितकी जास्त तितकी शेजाऱ्याची सावली मोलाची.

पाल्मितो हा युरोपच्या मुख्य भूमीवर निसर्गतः वाढणारा एकमेव ताड. उंची फार नाही, बुडाशी अनेक फुटवे, आपल्या शिंदीचं खुरटं भावंड म्हणा. नर आणि मादी झाडं वेगळी. त्याचं परागीभवन एक छोटा भुंगेरा करतो, आणि त्याला बोलावणारा वास फुलातून नाही, तर फुलोऱ्याच्या काळात पानांमधून येतो. वणवा लागला तर वरचा भाग जळतो आणि बुंध्यातून पुन्हा फुटतो.

छोट्या वनस्पतींसाठी मात्र तारीख जुळवावी लागते. डिसेंबर-जानेवारीत आंद्रोसिम्बियम हे कंदवर्गीय फूल जमिनीला चिकटलेल्या पानांच्या मधोमध उमलतं, पांढरं-जांभळट, बोटभर उंचीचंही नाही. आपल्या कळलावीच्या कुळातलं हे झाड दिसायला तिच्याशी काडीचं साम्य राखत नाही. खडकाच्या फटीत वाढणारी एक लहान गुलाबी अँटिरायनम, म्हणजे बागांमधल्या डॉग फ्लॉवरची रानटी बहीण, फक्त काबो दे गाताच्या परिसरात सापडते. तिच्या लॅटिन नावातला ‘कारिदेमी’ हा शब्द या भूशिराच्या प्राचीन नावावरून आला. शिंदळमाकुडीची नातलग असलेली चौधारी, मांसल कारालुमा खडकांत लपून राहते, फुलाला सडक्या मांसाचा वास आणि भोवती माश्या. आणि ऑगस्टअखेर, सगळं करपलेलं असताना, समुद्रकांद्याचा पानाविना उंच दांडा वर येतो आणि पांढऱ्या फुलांनी भरतो. आपल्या कोळकांद्याच्या प्रजातीतलाच हा. आपला कोळकांदा मृगाच्या आधी पानांशिवाय फुलतो, हा शरदातल्या पावसाआधी. रीत एकच, पंचांगं दोन.

पिकांच्या आणि उपयोगी वनस्पतींच्या भागात फड्या निवडुंग आणि घायपात दिसले तर त्यांना इथले समजू नका, दोघंही अमेरिकेतून आलेले. घायपाताच्या दोराच्या जाती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून या मैदानांत सरकारी योजनेखाली लावल्या गेल्या. कृत्रिम धागा बाजारात आला, योजना बसली, झाडं मात्र पसरत राहिली. फुलोऱ्याच्या दांड्यावरच तयार रोपं धरतात आणि खाली पडून रुजतात, बियांची वाट बघावी लागत नाही. पर्यटकांना ते उंच दांडे फार आवडतात आणि ते काढून टाकायला गेलं की विरोध होतो. निवडुंगावर मात्र २००७ पासून शेजारच्या मुर्सिया प्रांताकडून पसरत आलेल्या पांढऱ्या कापसाळ किडीनं संक्रांत आणली, बोटानं चिरडली तर लाल रंग निघतो तीच ती. हीच कीड १९२६ मध्ये श्रीलंकेतून भारतात मुद्दाम आणली गेली, माजलेला निवडुंग मारण्यासाठी, आणि ते काम तिनं चोख केलं. एकाच किडीला इकडे उपाय आणि तिकडे रोग म्हणतात.

आता उणीव. झाडं बागेत लावली की त्यांच्यातलं अंतर माणूस ठरवतो, आणि कोरड्या माळाचं निम्मं गुपित अंतरातच असतं. खऱ्या एस्पार्तोच्या उतारावर ठोंबांमधल्या जागा रिकाम्या वाटतात, पण त्या रिकाम्या नसतात. मातीवर शैवाक (दगडफुलाच्या जातकुळीचं), नीलहरित जिवाणू आणि शेवाळाचा एक कडक पापुद्रा असतो. तो माती धरून ठेवतो आणि बऱ्याच ठिकाणी पावसाचं पाणी खाली सोडण्याऐवजी पुढे घरंगळू देतो. ते पाणी जाऊन ठोंबाशी अडतं. म्हणजे २०० मिमीच्या पावसात ठोंबाला प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त मिळतं, कारण रिकामी जागा त्याचं पाणलोट क्षेत्र असते. आपल्या बांधबंदिस्तीतलं तत्त्व, फक्त बांध गवताचा. निगा राखलेल्या वाफ्यात हे दिसत नाही, आणि मुळं तर कुठेच दिसत नाहीत. ज्या झुडपाचा मोठा हिस्सा जमिनीखाली आहे, त्याचा वरचा भाग दाखवून बाग समाधान मानते. हा दोष या एका बागेचा नाही, वनस्पती उद्यान या प्रकाराचाच आहे, पण पाचपैकी एक तारा मी त्यासाठी कापतो. चार तारे पक्के.

बागेतून घरी नेण्यासारखं एक ज्ञान मात्र आहे आणि त्याचा उपयोग थेट पुण्या-नाशकातल्या गॅलरीत होतो. रोझमेरी, लॅव्हेंडर, थाइम ही कुंडीतली झाडं आपल्याकडे उन्हाळ्यात तग धरतात आणि ऑगस्टमध्ये पटकन मरतात. लोक म्हणतात ऊन लागलं. मरतात ती ओल्या उबेनं. जिथे पाणी आणि उष्णता कधी एकत्र येत नाही अशा हवामानात घडलेल्या मुळांना पावसाळ्यातली गरम, चिंब माती म्हणजे बुरशीला आमंत्रण. आधी टोकं मलूल होतात, माणूस तहान लागली समजून आणखी पाणी घालतो आणि खेळ संपतो. उपाय साधा आहे. मातीची कुंडी घ्या, प्लॅस्टिकची नको. एक भाग बागेची माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग बारीक मुरूम किंवा विटांचे तुकडे. शेणखत एका मुठीपेक्षा जास्त नको. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका, खाली ताटली ठेवू नका. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, पण उजेडात. छाटणी आणि खत नोव्हेंबर ते जानेवारीत, कारण त्यांचा वाढीचा हंगाम तोच. छाटताना हिरव्या भागातच कात्री चालवा. जुन्या, लाकडी झालेल्या खोडातून लॅव्हेंडर पुन्हा फुटेलच असं नाही.

स्पेनमध्येच घर आहे आणि अंगणात माळावरची झाडं लावायची आहेत, त्यांच्यासाठी: पहिला चांगला पाऊस झाल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर लावा. मोठ्या कुंडीतलं भरदार झाड घेण्याचा मोह टाळा. त्याची मुळं कुंडीत गोल फिरलेली असतात आणि पानांचा पसारा मुळांना पेलत नाही, पहिल्याच जुलैत ते जातं. खोल कप्प्याच्या ट्रेमधलं एका हंगामाचं रोप घ्या. खड्डा साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल, उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकार बांध, बुडाशी दगड पसरून आच्छादन, सशांपासून वाचवायला जाळीची नळी. लावताना १० लिटर पाणी एकदाच, माती मुळांना बसावी म्हणून. नंतर रोज थोडं थोडं पाणी घातलंत तर मुळं वरच राहतात. त्यापेक्षा पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीनदाच, पण भरपूर द्या. बिया किंवा रोपं माळावरून उचलू नका, नोंदणीकृत रोपवाटिकेतून घ्या, आणि भारतात तर त्या अजिबात आणू नका. घाणेरी अशीच कुणाच्या तरी हौसेतून आली.

जाण्याचं गणित: आल्मेरिया शहरातून गाडीनं पाऊण तास धरा. बसच्या भरवशावर राहू नका, फेऱ्या मोजक्या आहेत. बाग सोमवारी सहसा बंद असते आणि वेळा ऋतूनुसार बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी अधिकृत पानावर खात्री करा. फेरीला दीड-दोन तास पुरतात. टोपी, माणशी दीड लिटर पाणी आणि बंद बूट, चपला नकोत, काटे खालून येतात. सगळ्यांत चांगले दिवस मध्य-फेब्रुवारी ते मध्य-एप्रिल. हिवाळी थाइमचा वास आणि पिवळ्या शेंगवर्गीय झुडपांचा बहर याच काळात. उन्हाळ्याशिवाय सुट्टी मिळत नसेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि झोपलेली झुडपं बघायलाच आलो आहोत असं ठरवून जा.

परतीच्या वाटेवर शहराकडे जाताना लास आमोलादेरास इथे थांबा. तिथे उद्यानाचं माहिती केंद्र आहे आणि त्याच्या आसपासच्या सपाट माळावर आसुफायफोची खरी बनं आहेत, बागेतल्यासारखी एकटीदुकटी नाहीत. पायवाट सोडू नका, पायाखालचा पापुद्रा एकदा मोडला की सावरायला वर्षं लागतात. एखाद्या मोठ्या झुडपापाशी उभं राहून त्याच्यापासून पुढच्या झुडपापर्यंतची पावलं नुसती नजरेनं मोजा. मधल्या जागेत जे काही नाही असं वाटतं, त्यात एस्पार्तोचे ठोंब, थाइम, शैवाकाचे पांढरे डाग आणि सशांची बिळं आहेत. सप्टेंबर असेल तर झुडपाखाली पिकलेली बोरं पडलेली असतात आणि त्यांच्याच बिया भरलेली कोल्ह्याची विष्ठा पायवाटेच्या मधोमध.